पैलवानाच्या तोंडातलं रबर

मराठी पाचवीत मी दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला गेलो तेव्हा मास्तर म्हणाले, "आता तू गेलास तर बरं, नाहीतर जमीन झिजेल," आणि माझं शिक्षण संपलं. तापीकाठचं गाव सोडून मी आधी एका घड्याळवाल्याकडे राहिलो, मग पुण्यात एका पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे, आणि चोविसाव्या वर्षी भोरला एका दातांच्या डॉक्टरांच्या दारात येऊन टेकलो. कुठे तापी आणि कुठे नीरा! माणूस घरापासून लांब गेला की धीट होतो म्हणतात. मी गेलो तसतसा भित्रा होत गेलो. पत्र आलं तर वाटे, कोणीतरी मेलं. नाही आलं तर वाटे, मेलेल्याने लिहायचं होतं म्हणून राहिलं. डॉक्टरांनी नुसती हाक मारली तरी मी मनात वळकटी बांधायला घेत असे.

डॉक्टर आधी पुण्याच्या कॅम्पात, पलटणीच्या दवाखान्यात होते. नोकरी सोडून संस्थानात आले, कारण त्यांच्या मते पुण्यात दातांपेक्षा दात काढणारे जास्त झाले होते. दात काढताना ते अभंग गुणगुणत. दात हलला नाही तर अभंग बदलत. चिमटा बदललेला मात्र मी पाहिला नाही. त्यांच्याविषयी थट्टेने लिहितो आहे, पण पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप आला तेव्हा या माणसाने नऊ दिवस मला स्वतःच्या हाताने पेज पाजली, हेही इथेच लिहून टाकतो. आईनंतर माझ्या तोंडात चमचा घालणारे तेच. फरक इतकाच की त्यांनी त्याआधी माझी जीभ बाजूला करून दाढा मोजल्या.

आमच्या धंद्यात रबर शिजवतात. पुष्कळांना हे ठाऊक नसतं. तोंडातला साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून तोंडाची हुबेहूब नक्कल करायची, तिच्यावर मेणाने कवळी बसवायची, ते सगळं पितळी डबीत घट्ट बंद करायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्याच्या जागी रबर भरून डबी बंबात उकडत ठेवायची. उकडताना गंधकाचा असा काही वास सुटे की शेजारच्या वाण्याचं गिऱ्हाईक हिंग न घेताच परत जाई. हे शिजवण्याचं काम माझं. घड्याळांनी बोटं बारीक कामाला लावली होती, त्यामुळे घासण्या-बसवण्याचं कामही माझ्याकडे आलं. गावाकडचे लोक मला कंपौंडर म्हणत. मी कधी औषधाला हात लावला नाही, पण हाक गोड होती, म्हणून ऐकून घेतली.

एका सकाळी एक पैलवान आला. वेल्ह्याच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याशी त्याची वाडी. तिथल्याच जत्रेच्या कुस्तीची तयारी करायला तो भोरच्या तालमीत येऊन राहिला होता. छाती अशी की दारातून आडवा होऊन आत आला. समोरचा वरचा दात अर्धा तुटलेला.

"गेल्या कुस्तीत गड्याचं टकुरं लागलं," तो म्हणाला. "दाताचं काय न्हाई वो डाक्तर. पन तवापास्नं कुनाचं डोस्कं जवळ आलं की माजं तोंड आपसूक फिरतंय. तोंड फिरवनारा पैलवान म्हंजी पाठ दावनारा. जत्रंत काय करू?"

डॉक्टर हसले. "अरे, कॅम्पात गोरे सोल्जर ठोसेबाजी करायचे. एकमेकांची तोंडं फोडायचे आणि रांगेने आमच्याकडे यायचे. शेवटी त्यांचा साहेब वैतागला. म्हणाला, दातांवर रबर घालून भांडा. तसं करून देतो तुला."

"रबर? तोंडात?" पैलवानाचा चेहरा पडला. "कातड्याचं न्हाई ना त्ये?"

"झाडाचा चीक आहे."

"वडाच्या चिकावानी?"

"त्याचाच लांबचा पाहुणा."

मग हरकत नव्हती. मी साच्याचा लगदा गरम पाण्यात मऊ केला, लोखंडी वाटीत भरून त्याच्या वरच्या दातांवर दाबला, आणि एवढा मोठा गडी वासरासारखा डोळे पांढरे करून पाय झाडू लागला. चार दिवसांनी मी त्याचं रबर तयार केलं. कवळीचं रबर कडक असतं, हे मऊ. वरच्या सगळ्या दातांवर टोपीसारखं बसणारं. मला त्याचा अभिमान वाटला. पैलवानाला ओकारी आली.

"ह्ये घालून शवास कुठनं घ्यायचा?"

"नाकाने," डॉक्टर म्हणाले. "देवाने ते त्याच कामासाठी दिलंय. रोज रात्री हे घालून झोप. जत्रेपर्यंत जिभेला सवय होईल."

तो गेला. त्याच्या दातांची प्लास्टरची नक्कल मी फळीवर ठेवली. आमच्याकडे अशा नकला रांगेत मांडलेल्या असत, मालकांशिवाय हसणाऱ्या.

पुढच्याच आठवड्यात उत्रोलीचे एक भातकरी शेतकरी आले. सोबत एकोणीस-वीस वर्षांची लेक, डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत. म्हातारे खाली बसले, मग उठले, मग पुन्हा बसले.

"डाक्तर, आमच्या जावयाला तुमी रबर केलंय म्हनं. तसंच एक हिला करा."

मी चमकून बघितलं. पैलवानाची बायको! ही कुठे कुस्ती खेळते?

म्हाताऱ्यांनी सांगितलं ते असं. लेक वेल्ह्याकडे दिली, दीड वर्ष झालं. सासूचं म्हणणं, ही रात्री झोपेत दात खाते. सगळं घर एका माजघरात झोपतं. कंदील मालवला की करकर करकर सुरू. रात्री दात खाणारी बाई घराचं दाणं खाते, असं सासूचं ठाम मत. आणि पुरावे तिच्याकडे तयार होते. त्या साली कणगीतलं भात लवकर खाली लागलं, आणि म्हैस आटली. शेवटी तिने सुनेला बापाकडे पाठवून दिलं. आणि काय सांगावं! सून गेली त्या रात्रीपासून घरात आवाज बंद. पंधरा दिवसांत म्हैस व्याली.

"आता त्यांचं बराबर ठरलं की वो," म्हातारे म्हणाले. "जत्रा झाली की दुसऱ्या दिशी पंच बसनार. काडी मोडून मोकळं करनार म्हनत्यात पोरीला. त्याच्या आत हिचं त्वांड बंद झालं पायजे. म्हंजी दात."

त्यांच्यात काडीमोड म्हणजे खरोखरच काडी मोडत. पंचांसमोर गवताची एक काडी कडकन तुटली की लग्न तुटलं. दीड वर्षाचा संसार आणि वीतभर गवत.

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. ती बसली, पण तोंड उघडेना.

"उघड गं," बाप म्हणाला. "डाक्तर हाय त्यो. बाजारातला बैल न्हाई केला तुला."

पदराआडून पहिल्यांदा आवाज आला. "बैलाचंच दात बगत्यात आबा. म्हशीचं बी. बायकूचं कोन बगतंय? बगा आता, आन जुंपा."

डॉक्टर दारात जाऊन उभे राहिले आणि साच्याची वाटी माझ्या हातात दिली.  परक्या बाईच्या तोंडात बोटं घालायची वेळ माझ्यावर तेव्हा नव्यानेच आली होती. मी तिला ताई म्हणालो, मग काय वाटलं कोण जाणे, तिने पदर मागे घेतला आणि तोंड उघडलं.

साचा निघाला. मी प्लास्टर ओतलं, ती दोघं ओट्यावर बसून राहिली, आणि तासाभराने मी नक्कल मोकळी केली. हातात घेतली तेव्हाच माझ्या अंगठ्याला काहीतरी खटकलं.

आता जातं ज्याने पाहिलं आहे त्याला सांगायला नको. नव्याने टाकी लावलेल्या, म्हणजे छिन्नीने टोचे पाडलेल्या, जात्याला हात लावला तर खरखरीत लागतं, टोकं बोटात रुततात. दळून दळून झिजलं की तेच जातं तुळतुळीत होतं. तशाच दाढा. वर्षानुवर्षं रात्री दात घासणाऱ्या माणसाच्या दाढा सपाट होतात, डोंगर जाऊन पठार राहतं. आणि या ताईच्या दाढांची टोकं अशी उभी होती की जणू कालच टाकी लागली.

मी फळीवरून पैलवानाची नक्कल काढली. अंगठा फिरवला. पठार. पार इकडून तिकडे बैलगाडी जावी असं पठार.

"ते दात कुनाचे?" ती कधी दारात येऊन उभी राहिली मला कळलं नाही. मी लपवायला गेलो तोवर तिने अर्धा तुटलेला दात पाहिला होता. "म्या वळखते त्ये."

"ताई," मी खालच्या आवाजात विचारलं, "सकाळी उठल्यावर तुमचा जबडा दुखतो का?"

"न्हाई."

"मग रात्री दात कोण..."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं शहाणं माणूस पाचवी नापासाकडे बघतं. "दीड वरीस शेजारी झोपलीय म्या. मला ठावं नसंल?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. सासू म्हनली, सोताचं खापर नवऱ्यावर फोडती. ह्यांस्नी इचारलं, तर म्हनले, म्या तर झोपल्यालो असतो, मला काय ठावं? आता झोपल्याल्या मानसाला साक्षीला कसं बोलवायचं?"

आणि मग घरातला आवाज बंद कसा झाला, हे कोडं नव्हतंच. सुनेला पाठवलं त्याच दिवशी पैलवान भोरच्या तालमीत राहायला आला होता. आवाज त्याच्याबरोबर आला. म्हैस मात्र स्वतःच्या मनाने व्याली.

"मला रबर लागत न्हाई," म्हणत तिने बापाला उठवलं, आणि ती दोघं गेल्यावर मी डॉक्टरांना दोन्ही नकला दाखवल्या. त्यांनी अंगठा फिरवला, हूं केलं आणि पेपर उघडला.

"पंचांना सांगायला हवं," मी म्हणालो.

"हे बघ. आपण दातांचे. दातांच्या मागे जीभ असते, तिच्या वाटेला जायचं नाही. उद्या त्या पैलवानाने येऊन मला उचललं तर तू सोडवणार आहेस?"

मी कोणालाच सोडवू शकलो नसतो. आणि या माणसाने मला पेज पाजली होती, त्यांच्या शब्दाबाहेर जायला मन धजेना. मी नकला पुन्हा फळीवर ठेवल्या. पण त्या बाईच्या बाजूने सगळ्या मुलखात एक खडूसारखा ठोकळा बोलत होता, आणि त्याची भाषा कळणारा मी एकटा. हे असं भाग्य भित्र्या माणसाच्या वाट्याला येऊ नये.

जत्रेला तीन दिवस उरले आणि पैलवान रागाने लाल होऊन आला. हातात रुमाल, रुमालात रबर. दाढांच्या जागी ते पार चावून, कुरतडून, आरपार भोकं पडलेली.

"बगा! उंदरांनी खाल्लं!"

"उंदरांनी?"

"तालमीत लई उंदीर झालं व्हतं वो. रातभर करकर करायचे. पोरं झोपत नव्हती. मग वस्तादांनी मांजर आनलं. मांजर आल्यापास्नं आवाज गप. पन जाता जाता ह्ये खाऊन गेले भाडखाऊ."

डॉक्टर बाहेर गेले होते. मी म्हणालो, "मांजर कधी आणलं?"

"तुमी रबर दिलं त्याच्या दुसऱ्या दिशी."

"आणि रबर रात्री कुठं ठेवता?"

"ठेवतोय कुठं? तोंडात की. डाक्तरांनी सांगितलंय."

"मग उंदराने ते खाल्लं कधी?"

पैलवान रबर उलटसुलट करून बघायला लागला.  मी फळीवरून त्याची नक्कल काढली आणि चावलेलं रबर तिच्यावर बसवलं. मग त्याच्या खालच्या दातांचा ठसा घ्यायला मेणाचा तुकडा चावायला दिला. त्याने निमूटपणे चावला. मेणावरच्या खुणा आणि रबरातली भोकं, एकेक करून जुळली. उंदीर सापडला. चांगला पावणेसहा फुटी होता.

तो मटकन खाली बसला. स्वतःच्या गालावर हात फिरवला.

"म्हंजी ती खरं बोलत व्हती."

"हो."

"कंपौंडर, ह्ये भाईर जाऊ देऊ नका. तालमीत मला उंदीर म्हनतील. जलमभर. नवं रबर करा आन इसरून जा."

"आणि तुमची बायको?"

"आई म्हनंल तसं." एवढं बोलून त्याने खाली बघितलं. हत्तीएवढा माणूस आणि आईला भीत होता. मला त्याचा राग यायला हवा होता. पण भीती कशी दिसते ते मी आरशात रोज बघत होतो, त्यामुळे ओळख पटली. मी म्हणालो, "मी कोणाचं नाव घेणार नाही. पण नवं रबर मी स्वतः वेल्ह्याला घेऊन येईन. जत्रेत नीट बसलं पाहिजे."

दोन दिवसांनी पहाटे मी डॉक्टरांच्या खोलीसमोर उभा राहून घसा खाकरला. पिशवीत नवं रबर होतं, आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन नकला.

"मी तुला कुठंही पाठवलेलं नाही," ते आतूनच म्हणाले. "ओट्यावर डबा आहे, तो घेऊन जा. वाटेत चटणी सांडू नकोस, प्लास्टरला लाल डाग गेला की जात नाही."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी डोंगर चढताना रडलो थोडा. चटणी मात्र सांडली नाही.

कुस्तीचं फार सांगत नाही. पैलवानाने रबर घातलं, गालफडं फुगली, आणि समोरच्या गटाने ओरडायला सुरुवात केली, "तोंडात भारल्यालं लिंबू हाय! काढा लिंबू!" कुस्ती थांबली. आखाड्याच्या पंचांनी रबर काढून हातात घेतलं, उलटसुलट केलं, वास घेतला, आणि मग ज्या हाताने रबर धरलं होतं तो हात बराच वेळ धोतराला पुसला. लिंबू नाही, असा निकाल झाला. पुन्हा कुस्ती लागली. गड्याने टकुरं घातलं, पण या वेळी आमच्या पैलवानाने तोंड फिरवलं नाही. तासभर झाला तरी कोणी पडेना, बरोबरीत सोडवली. त्याने माझ्याकडे बघून हात वर केला. मला वाटलं, आता याला धीर आला असेल. मी किती भोळा होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापुढे पंच बसले. मधोमध पैलवानाची आई, अंगाने किडकिडीत, आवाजाने पहाडी. शेजारी पैलवान, मान खाली. समोर उत्रोलीचे म्हातारे एकटेच. लेकीला त्यांनी आणलं नव्हतं. जमिनीवर गवताची एक काडी ठेवलेली. आईनेच छपरातून उपसून आणली होती, चांगली लांब बघून.

पंचांतले सगळ्यांत वडील गृहस्थ म्हणाले, "कुनाला काय बोलायचं हाय?"

 चपला हातात घेऊन मी मागे उभा होतो, पळायची सोय म्हणून. म्हातारे आबा हळूच म्हणाले, "कंपौंडर आल्यात भोरास्नं. दाताचं त्यांस्नी कळतं."

सगळ्या माना वळल्या. मी पुढे गेलो, फडकं सोडलं. पुढचे दात दिसू नयेत म्हणून दोन्ही नकलांना अर्ध्यावर कापड गुंडाळलं होतं, फक्त मागच्या दाढा उघड्या. मी त्या पैलवानाच्या आईपुढे ठेवल्या.

"मावशी," मी म्हणालो, आणि माझा आवाज बारीक निघाला. "दळायला कधीपासून बसता?"

"नऊ वरसाची व्हते तवापास्नं. का?"

"मग तुमच्याएवढं जात्यातलं मला कळत नाही. जरा अंगठा फिरवून सांगा, या दोन्हींत रोज दळणारं कोणतं आणि दळायला न लागलेलं कोणतं?"

तिने संशयाने माझ्याकडे बघितलं. पण प्रश्न तिच्या हातातला होता, आणि गावासमोर विचारला होता. तिने एकीवर अंगठा फिरवला. "हिला टाकी नवी हाय. ही दळती कुठं?" मग दुसरीवर. अंगठा सर्रकन घसरला. ती हसली. "आन ह्ये बगा! ह्ये तर गुळगुळीत झालंय. ह्ये रातभर दळतंय बाबा. आंधळं बी सांगंल."

"आवाज येत असेल का याचा?"

"आवाज? माजघर उठवून बसवंल ह्ये!"

वडील पंच पुढे सरकले. "कंपौंडर, ह्ये गुळगुळीत कुनाचं?"

झालं. इथवर मी आलो होतो, आणि इथून पुढे मला जाता येत नव्हतं. मी शब्द दिला होता, नाव घेणार नाही म्हणून. मी पैलवानाकडे बघितलं. तो काडीकडे बघत होता.  देवळावरची घंटा वाऱ्याने आपल्या आपण हलत होती. पंचांतल्या एकाने कंटाळून हात पुढे केला आणि काडी उचलली, दोन्ही टोकांना धरली.

"माजं हाय," पैलवान म्हणाला.

"काय?"

"त्ये गुळगुळीत. माजं हाय." तो उठून उभा राहिला, पुढे आला, कापड ओढून काढलं आणि नकलेतल्या अर्ध्या दाताशेजारी स्वतःचा ओठ वर करून दाखवला. काल हजार माणसांपुढे टकुरं खाताना त्याचा चेहरा असा पांढरा झाला नव्हता. "आवाज माजा यायचा. तालमीत बी येतोय. उंदीर-बिंदीर काय न्हाई तितं. मीच हाय. काडी ठेवा खाली."

आई उठली. लेकाचं तोंड धरून अंगठा आत घातला आणि स्वतः दाढा तपासल्या. पंचांपेक्षा तिचा स्वतःच्या अंगठ्यावर जास्त विश्वास होता. अंगठा बाहेर आला तो तिने लुगड्याला पुसला.

"मंग म्हस का आटली?" ती शेवटी म्हणाली.

"म्हशीचा बी साचा काढू की," वडील पंच म्हणाले, आणि सगळं देऊळ असं हसलं की आईलाही पदर तोंडाला लावावा लागला. काडी कोणीतरी शेळीपुढे टाकली.

आता एवढ्यावर सून परत गेली असती तर मी तिला ओळखलंच नाही म्हणायचं. उत्रोलीहून तिने निरोप धाडला: धाडलं तुमी, तर न्यायला बी तुमीच या. एकट्यानं. आन त्ये रबर तोंडात घालून या. भोरापासनं हितपातुर काढायचं न्हाई.

ठरलेल्या दिवशी आबांनी मला बोलावून घेतलं, रबर नीट बसलं आहे का ते बघायला म्हणून. खरं तर त्यांना साक्षीदार हवा होता. मी ओट्यावर बसलो. दुपारच्या सुमारास पैलवान आला, नारळ आणि खण घेऊन, गालफडं फुगलेली. वाटेत लोक राम राम करत होते आणि हा नुसती मान हलवत होता. त्यामुळे त्याच्या मागून चार-पाच पोरं आली होती, पैलवानाने मौन धरलंय अशी बातमी घेऊन. मी उठून त्याचा ओठ वर केला, रबर बघितलं. घट्ट होतं. मी आबांकडे बघून मान डोलावली.

ती दारात आली. या वेळी पदर नाकावर नव्हता.

"जेवलासा का?"

"ऊं."

"सासूबाई काय म्हनल्या?"

"ऊं... ऊं ऊं." त्याने हातवारे केले, त्यात धार काढण्याचा एक होता, एवढं मला समजलं.

"बोलवत्यात?"

"ऊं."

"आन पुन्यांदा घरात करकर झाली तर कुनाचं नाव सांगशीला?"

पैलवानाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग कमी वाटलं म्हणून सबंध हात ठेवला.

 त्याच्या हनुवटीवरून लाळेची तार ओघळून सदऱ्यावर उतरत होती, आणि ती पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"काढा आता," ती म्हणाली. "पोरं बगत्यात."

तिने हात पुढे केला. त्याने मान खाली घालून रबर तिच्या तळव्यावर सोडलं. तिने तांब्यातल्या पाण्याने ते धुतलं, उजेडाकडे धरून सगळीकडून पाहिलं, झटकलं, आणि पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधलं. मग आत जाऊन आपलं गाठोडं घेऊन आली आणि ते त्याच्या डोक्यावर ठेवलं.